संध्याकाळचा रस्ता

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त डॉक्टर माझ्या पुण्याच्या वर्कशॉपवर आले. मी बिल्डर लोकांना इमारतींची मॉडेलं करून देतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांना लहानपणापासून छोट्या रेल्वेचा नाद. घरातल्या एका खोलीत त्यांनी रूळ, बोगदा, स्टेशन, फाटक असं सगळं मांडलंय आणि त्यात आता त्यांना रस्ते हवे होते. "तुमच्या बिल्डरांसारखे गुळगुळीत नकोत," ते म्हणाले. "जुने वाटले पाहिजेत. ऊन-पाऊस खाल्लेले, गाड्यांनी झिजलेले. जमेल?" मी म्हणालो, तसल्या कामाची मला सवय नाही. ते चहा घेऊन गेले आणि मी बराच वेळ हातातला ब्रश धूत बसलो. मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो. तसा रस्ता मी एकदा केला आहे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी, अठराएक वर्षांचा असताना, आणि तो इतका हुबेहूब झाला होता की त्यानंतर आजवर मी फक्त नवे, काळेभोर, कुणीही न चाललेले रस्ते करत आलो आहे.

तेव्हा आमच्याकडं सलग दुसरं वर्ष पावसाविना गेलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलं घेऊन माजलगावच्या बाजूला चारा छावणीत जाऊन राहिले होते. घरात मी आणि माय. आमचं धाब्याचं घर, म्हणजे वर मातीचं छत. उन्हाळ्यात ते रात्रीपर्यंत तापलेलं राही आणि भेगांतून बारीक माती अंथरुणावर गळे. माय पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापायची. त्या थपथपीनंच मला जाग यायची. सोबत येसराची आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ पाण्यात कालवून केलेली, आणि पाणी फार मोजूनमापून वापरायचं असल्यामुळं तीही घट्टच. खाऊन ती फडक्यात दोन भाकरी बांधे, हातोडा घेई आणि शेजारच्या गयामावशीला हाक मारी. थोड्या वेळानं फाट्याकडून खडी फोडण्याचा आवाज सुरू व्हायचा. आधी एक हातोडा, मग दुसरा, मग सगळे मिळून. चिमण्या दाणे टिपत असाव्यात तसा तो दुरून वाटे. दुष्काळाचा आवाज कसा असतो असं मला कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

रोजगार हमीच्या कामावर फाट्यापासून गावापर्यंत रस्ता होत होता. होत होता असं म्हणायचं, कारण खरं तर तो आदल्याच वर्षी झाला होता. फाट्यापासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्याच्या पलीकडं पार वेशीपर्यंत खडी पडली होती, मुरूम पडला होता, रोलर फिरला होता. पण कागदावर काम ओढ्यापर्यंतच आलेलं होतं, कारण रस्ता पुरा झाला असं वर कळलं असतं तर हजेरी बंद झाली असती. पुढचं काम पार माजलगावच्या अंगाला, एका तलावावर होतं. तिथं जायचं म्हणजे उघड्यावर पाल टाकून राहायचं. धडधाकट माणसं गेली असती. म्हाताऱ्या बायकांनी काय करायचं? म्हणून आमच्या गावानं पाऊस पडेपर्यंत तो रस्ता पुरवायला घेतला होता, जसं डब्यातलं पीठ पुरवतात तसा. कामावरचे मुकादम भीमातात्या. दिवसभर बायका ओढ्यापलीकडची खडी पहारीनं उकलत, फोडून बारीक करत आणि पुन्हा पसरत. "गोधडी उसवायची अन् पुन्यांदा शिवायची," माय म्हणायची. संध्याकाळी त्याच रस्त्यानं गावच्या गाड्या आणि ट्रॅक्टर जायचे, चाकोऱ्या उघड्या पडायच्या. मग सकाळी उजाडताच बायका टोपल्यांनी नवा मुरूम टाकून त्या झाकायच्या, आडवे दगड लावून लाल फडकं रोवायच्या. तपासणीचे ओव्हरसियर ऊन चढायच्या आत येऊन जात. त्यांना दिसायचं नाही की पाहायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही. सकाळचा आमचा रस्ता अर्धवट, लालभडक, ताजा असायचा. संध्याकाळचा रस्ता म्हातारा असायचा.

मी बारावीत नापास होऊन सहकारी साखर कारखान्यावर रोजंदारीनं बोर्ड रंगवत होतो. ऊसच नसल्यामुळं गाळप लवकर आटोपलं होतं आणि सभासद चिडलेले होते. त्यांना दाखवायला काहीतरी पाहिजे म्हणून चेअरमनसाहेबांनी डोकं लढवलं. आमच्या भागाला रेल्वे हवी ही मागणी माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची. वार्षिक सभेच्या मांडवात रेल्वेचा मोठा देखावा मांडायचा: कारखान्याच्या दारात स्टेशन, साखरेची पोती भरलेली मालगाडी, फाटक आणि आजूबाजूची गावं. गाडी पळवायचं काम वर्कशॉपमधल्या सत्तारभाईंकडं आलं. ते केजचे, कसलंही यंत्र हातात घेतलं की आधी त्याच्याशी बोलायचे. त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर काढून चहाच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन केलं. आम्ही दोघं मिळून परळीला जाऊन खरी रेल्वे पाहून आलो, कारण मी ती तोवर पाहिलीच नव्हती. सत्तारभाई चाकं बघत बसले. मी स्टेशनबाहेरच्या रस्त्याकडं बघत होतो.

देखाव्यातला रस्ता माझ्याकडं होता. पहिल्यांदा मी पुठ्ठ्यावर काळा रंग मारला. सत्तारभाई कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"दत्त्या, रस्ता हाय का शाळेचा फळा बे? आता याच्यावर पाढे लिव."

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर मी फाट्यावर जाऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा रस्ता पाहिला. रस्ता एका रंगाचा नसतो. मधला पट्टा फिका असतो, कडांना मुरमाची लाली असते, चाकोरीत गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेनं घासून दगड राखाडी होऊन चमकतो. ओढ्याच्या उतारावर ओल वाळल्याचे डाग असतात आणि बाभळीखाली, जिथं जीप थांबते, तिथं तेलाचा एक काळा ठिपका असतो. मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो. मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून रस्त्याचीच धूळ गाळून आणायचो. पुठ्ठ्यावर सरस लावायचा, त्यावर धूळ, त्यावर चुलीतली राख फडक्यानं चोळायची आणि सरस अर्धा ओला असताना त्यावरून बेअरिंगची कडी फिरवायची, म्हणजे चाकोरी उमटे. ती सुकली की काचकागदानं हळूच घासायची. ओलीच्या डागांसाठी मी कारखान्यातली मळी पाण्यात पातळ करून लावली. रंग अगदी बरोबर आला, पण सकाळी बघतो तर सगळ्या रस्त्यावर मुंग्या.

"राहू दे, राहू दे," सत्तारभाई हसून म्हणाले. "बाजाराला चाललीत बिचारी. पण दत्त्या, लई घाण करायला लागलास बे. चेअरमनला नवा रस्ता दाखवायचा हाय, म्हातारा न्हाई."

"जसा हाय तसा दिसला पायजे ना भाई."

"आपला थोबडा जसा हाय तसा फोटूत काढतो का कुणी? पावडर लावतोच की."

खडी मला गयामावशीनं दिली. ती विधवा, मुलगा नाही, एकुलती लेक सिरसाळ्याला दिलेली. तिचे हात आमच्या गावात सगळ्यांत बारीक खडी फोडणारे होते. मी कशासाठी जातो हे कळल्यावर तिनं पदराच्या टोकाला बांधून दगडाची कच आणली, मोहरीच्या दाण्याएवढी, निवडून. "घे," म्हणाली, "तुज्या रस्त्याला माजी खडी. रेल्वे आली की मला फुकाट बसव." मी त्या कचेचे छोटे ढीग रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडं पलीकडं, खऱ्यासारखे रचले.

मायनं मला एकदाच टोकलं. मी जेवत होतो, ती तव्यावर भाकरी उलटत होती.

"संध्याकाळचं कावून जातो रं तिकडं? सकाळी ये. सकाळी रस्ता कसा गुमान दिसतो."

"सकाळचा रस्ता खोटा असतो, माय."

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. "खोटा न्हाई बाबा. झाकल्याला हाय."

मी हसलो. कारखान्यावर लोक माझ्या पुठ्ठ्याभोवती जमायला लागले होते, बोट लावून बघत होते, आणि बारावी नापास झाल्यापासून मला कुणी अशा नजरेनं पाहिलं नव्हतं. मायच्या बोलण्याचा अर्थ मला कळला नव्हता असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. तो कळला होता.

सभेच्या दिवशी मांडवात माणूस मावत नव्हता. पाहुणे म्हणून जिल्ह्याहून रस्त्याच्या कामांवरचे मोठे साहेब आले होते. चेअरमनसाहेबांनी काठीनं स्टेशन दाखवलं, सत्तारभाईंनी वायर जोडली आणि इंजिन घरघरत निघालं. फाटकाशी ते अडकलं. सत्तारभाईंनी बोटानं ढकललं तसं पुढं गेलं आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांचं मात्र गाडीकडं लक्ष नव्हतं. ते वाकून रस्ता बघत होते.

"हा कुणी केला?"

"आमचाच पेंटर हाय साहेब," चेअरमनसाहेब म्हणाले. "ए दत्ता, ये की पुढं, लाजतो काय?"

मी पुढं गेलो.

"मनानं केलास की कुठला बघून?" साहेबांनी विचारलं.

"बघून, साहेब. आमच्या गावचाच हाय, फाट्यापासूनचा. रोज जाऊन बघून केला."

"रोज?" त्यांनी चष्मा काढला आणि आणखी वाकले. बरोबरच्या माणसाला म्हणाले, "या चाकोऱ्या बघा. दगड कसा घासून चकाकलाय. कामातला माणूस करू शकणार नाही असं केलंय." मग पुन्हा माझ्याकडं वळून, सहज आवाजात, "ओढ्याच्या पलीकडंही असाच आहे का रे?"

तेव्हा मला भीमातात्या दिसले. तेही कारखान्याचे सभासद, मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती आणि माझ्याकडं बघत ते अगदी थोडी, पान हलावं तशी, मान हलवत होते. नको म्हणून. मी ती मान पाहिली. पलीकडचं शोभेसाठी मनानं केलं साहेब, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यात काही जड नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर माझा रस्ता मनाचा ठरला असता, माझी नजर मनाची ठरली असती.

"पलीकडं बी हाय साहेब," मी म्हणालो. "वेशीपर्यंत. गेल्या सालापासून गाड्या चालत्यात. सकाळच्या पारी दिसायचं न्हाई, मुरूम असतो वरून. संध्याकाळी बघितलं तर हे असंच दिसतं."

इतकं कुणी विचारलंही नव्हतं.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास," म्हणाले. "डोळा आहे तुला." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही, कुणाला पुढं बोलावलं नाही. चहा घेतला आणि गेले. त्यांच्या हाताची ऊब माझ्या खांद्यावर घरी पोचेपर्यंत होती, आणि खरं सांगायचं तर ती मला फार आवडत होती.

दोनचार दिवसांनी तपासणीची जीप आली. ती सकाळी आली नाही, संध्याकाळी आली.

त्यानंतर भीमातात्या आमच्या ओसरीवर येऊन बसले. त्यांना मुकादमीवरून काढलं होतं, पण त्याबद्दल ते बोलले नाहीत. "काम बंद झालं, वैनी," एवढंच मायला म्हणाले. गयामावशीही तिथंच बसलेली होती, मांडीवर हातोडा घेऊन.

"इतके दीस कुणाला दिसलं न्हाई ते," ती म्हणाली. "सायबाला सांगितलं तरी कुणी, तात्या?"

भीमातात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मला वाटलं, आता नाव घेतील. मला वाटत होतं, घ्यावं.

"कोण सांगतंय, मावशे," ते म्हणाले. "रस्त्यानंच सांगितलं."

ते उठून गेले. पुढं त्यांनी ते कधीही, कुणापाशीही काढलं नाही, आणि गावात मला आजतागायत कुणी बोल लावलेला नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही. शिव्या दिल्या असत्या, अंगावर आले असते, तर कदाचित हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं.

मायला मात्र कळलंच. भाकरी थापता थापता तिनं मान वर न करता विचारलं, "तू बोलला का सायबाशी?"

"हो."

थपथप थांबली नाही. भाकरी तव्यावर पडली, फुगली, माझ्या ताटात आली. "आता गयाबाईचं कसं?" ती म्हणाली, जणू मी घरातला कर्ता माणूस आणि दोघांनी मिळून ठरवायचं आहे. ती भाकरी मी खाल्ली. भूक लागलेली होती म्हणून खाल्ली.

माय तलावाच्या कामावर गेली, पालात राहिली. गयामावशीला तेवढं चालवत नव्हतं. ती सिरसाळ्याला लेकीकडं निघाली. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही, पण आमच्याकडं जुन्या बाया लेकीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नसत. गयामावशी लेकीला भेटायला जायची तेव्हा स्वतःचा तांब्या भरून न्यायची आणि ऊन उतरायच्या आत परत फिरायची. आता ती जावयाच्या दारात गाठोडं घेऊन राहायला चालली होती. गल्लीतल्या बाया तिला वाटेला लावायला आल्या. तिनं हातोडा आमच्या घरी ठेवला. "लेकीच्या घरी कशाला लागतोय," म्हणाली. एसटी फाट्यावर थांबायची. मी तिचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्या रस्त्यानं तिच्या मागं चाललो. मुरूम कुणी टाकत नव्हतं. दिवसाढवळ्या सगळ्या चाकोऱ्या उघड्या होत्या, आणि मी त्या मोजमाप घेतल्यासारख्या ओळखत होतो.

साहेब मला विसरले नाहीत. त्यांनी चेअरमनसाहेबांपाशी शब्द टाकला आणि पावसाळा संपल्यावर औरंगाबादला चित्रकलेच्या शाळेत माझी सोय लागली. तिथून पुण्याला आलो, धंदा केला, घर बांधलं. हे सगळं त्या एका शाबासकीवर उभं आहे. मायला मी पुण्याला आणलं. शेवटपर्यंत ती वर्कशॉपमध्ये येऊन बसायची, माझे चकचकीत काळे रस्ते बघायची आणि म्हणायची, "लई झ्याक." कधी कधी मला वाटे, ती आणखी काही म्हणेल. डॉक्टरांचं काम मी शेवटी घेतलं. वय झालं, आता नाही म्हणायलाही लाज वाटते. गेले महिनाभर चाळणीनं धूळ गाळतोय. हातांना सगळं आठवतं.

औरंगाबादला निघायच्या आधी गयामावशी परत आली. पाऊस बरा झाला होता, खुरपणीला बाया हव्या होत्या. आल्या आल्या ती हातोडा न्यायला आमच्याकडं आली. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "तितं मला कुणी वावगं बोललं न्हाई. चांगली माणसं हायेत. पाणी मातर मी कधी मागितलं न्हाई. रांजणातून आपल्या हातानं घ्यायचे." मग पदर नीट करून म्हणाली, "आरं, तुजा रस्ता राहिला की बघायचा. माजी खडी हाय ना त्यात?"

मी तिला कारखान्यावर घेऊन गेलो. देखावा कचेरीच्या व्हरांड्यात चादरीखाली ठेवला होता. मी चादर काढली. इंजिन रुळावरून घसरून आडवं पडलेलं होतं. गयामावशीनं रेल्वेकडं पाहिलंच नाही. तिनं फाट्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू रस्त्यानं पुढं नेत निघाली. "ही बाभळ. हिच्याखाली आमी भाकरी खायचो. हा उतार. अगं बाई, ही माजी खडी!" ढिगावर बोट टेकवून ती पोरीसारखी हसली. बोट ओढा ओलांडून गेलं आणि चाकोरीत थांबलं. ती वाकली. तिची नजर अधू होती, म्हणून ती फार वेळ वाकून राहिली, साहेब वाकले होते तशीच, त्याच जागेवर.

मी म्हणालो, "मावशे, मी त्या दिवशी..."

"मुरूम टाकायचा राहिला की रं," ती म्हणाली.

तिला किती ठाऊक होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही. ती व्हरांड्याच्या पायरीशी गेली, उकिडवी बसली, अंगणातली लाल माती चिमटीत घेऊन आली. चाकोऱ्यांवर तिनं ती सोडली, आधी एका, मग दुसऱ्या, वेशीपर्यंत, स्वयंपाकात मीठ सोडावं तशी सारखी, आणि अंगठ्यानं दाबत दाबत सगळा रस्ता झाकून टाकला. मग लुगड्याला हात पुसले.

"आता येऊ दे कुणाला यायचं त्याला बघायला," ती म्हणाली.